न झुंजलेला महाशीर

हिंजवडीतल्या नव्या नोकरीत आफताबला रविवार तेवढा मोकळा मिळायचा. तो जायचा मेहबूबभाईंबरोबर, खडकवासल्याच्या धरणामागे, गळ टाकायला. मेहबूबभाई म्हणजे त्याच्या मोठ्या बहिणीचा, तरन्नुमचा नवरा. कर्वेनगरात त्यांचं घड्याळदुरुस्तीचं दुकान होतं आणि वेड होतं महाशीर माशाचं. "गळाला लागला की असा झुंजतो," ते सांगायचे, "की हात खांद्यातून निखळेल."

त्या दुपारी त्यांनी टाकलेल्या कणकेच्या गोळ्याला महाशीर लागला. पण झुंजला नाही. ते रीळ फिरवत राहिले आणि दोरी मुकाट्यानं येत राहिली. मासा काठाशी वर आला. माणसाच्या मांडीएवढा जाड, सोनेरी खवल्यांचा. शेपूटसुद्धा हलवत नव्हता. जाड ओठ तेवढे उघडत होते, मिटत होते.

वारा पडला होता. मघाचा पाखरांचा कलकलाटही थांबला होता.

"भाईजान, दोरी कापा," आफताब म्हणाला. का म्हणाला, त्याचं त्यालाच कळलं नाही.

"गप्प. बोलू दे त्याला."

"कोणाला?"

मेहबूबभाईंनी गळाची काठी खाली ठेवली आणि ते बुटांसकट पाण्यात उतरले. मासा मागे सरकला. ते पुढे गेले. कमरेइतक्या पाण्यात. मग गळ्याइतक्या. आफताब घसा फोडून हाका मारत होता.

मग डोकंही दिसेना.

आफताबनं सूर मारला. बुडणारा माणूस हातपाय झाडतो. हे तळाच्या गाळात मांडी घालून बसले होते. डोळे उघडे.

त्यानं केसांना धरून त्यांना वर ओढलं. काठावर त्यांना ना ठसका लागला, ना उलटी झाली.

"कशाला काढलंस?" एवढंच ते म्हणाले.

दुसऱ्या दिवशी ऑफिसात त्याचा मोबाइल वाजला. तरन्नुम होती. आवाज अगदी दबलेला.

"आफताब, तू लगेच ये. हे मोरीत बसलेत. भरल्या बादलीत तोंड घालून."

"आपा, बाहेर ओढ त्यांना! आधी ओढ!"

"ओढतेय रे. केव्हाची ओढतेय." ती रडायला लागली. "ते हातानं मला थांब म्हणतायत."