एकशे बाराव्या पानावरचा खून

मास्तर मेले तेव्हा त्यांच्या टेबलावर एकशे त्रेचाळीस पत्रं होती. त्यातल्या एकशे एकेचाळीस पत्रांत त्यांना शिव्या होत्या. उरलेल्या दोनांत पत्ता चुकला होता.

प्रकाशकांचा फोन सव्वाबाराला आला. साडेबाराला इन्स्पेक्टर बाई प्रकाशन संस्थेच्या माडीवर उभ्या होत्या. मास्तर खुर्चीतच पुढे कलंडले होते. घाव डोक्याच्या मागे बसला होता, आणि कागदांवर ठेवायचं पितळी वजन फरशीवर पडलं होतं. मास्तरांचं पेन अजून बोटांत होतं. कोणीतरी खोलीत आलं, पाठीशी उभं राहिलं, तरी त्यांनी लिहिणं थांबवलं नव्हतं.

शिव्यांचं कारण साऱ्या वाचकांना ठाऊक होतं. थोरल्या लेखकांनी 'नवव्या चंद्राचं जहाज' या मालिकेची बारा पुस्तकं लिहिली आणि जहाज अधांतरी सोडून डोळे मिटले. त्यांच्या पत्नीने आणि प्रकाशकांनी मग त्यांच्या जुन्या विद्यार्थ्याला लिहायला बसवलं. हे विद्यार्थी म्हणजे शाळेत विज्ञान शिकवणारे मास्तर. वाचकांनी पहिल्या दिवसापासून त्यांची सालटी काढली. मेलेल्या माणसाशी तुलना झाली की जिवंत माणूस हरतोच, पण एवढा विचार करतो कोण? इन्स्पेक्टर बाईंनी स्वतः मास्तरांचा दुसरा भाग अर्ध्यावर टाकून चारचौघांत नाक मुरडलं होतं.

आठ दिवसांपूर्वी तिसरा भाग आला आणि कहरच झाला. जहाजावरचा बहिरा खलाशी, वाचकांचा जीव की प्राण, मास्तरांनी मारून टाकला.

मास्तरांच्या हाताखाली एक टाइप केलेला कागद सापडला. त्याला पाकीट नव्हतं, तिकीट नव्हतं.

'पान एकशे बारावर तू बहिऱ्याला मारलंस. आता तुझी पाळी.'

"वाचकच!" प्रकाशक कपाळ पुसत म्हणाले. "काय नाही केलं हो आम्ही त्यांच्यासाठी? या भागात तर आयत्या वेळी वहिनींच्या, म्हणजे थोरल्यांच्या पत्नीच्या, आठवणी घातल्या, सुरुवातीलाच, चांगली सोळा पानं. तरी मेल्यांचं समाधान नाही!"

"तुम्ही कुठे होतात?"

"बाइंडरकडे. बाराला परत आलो, मग वर गेलो."

खालच्या कोपऱ्यात प्रूफरीडर काका बसत. चाळीस वर्षं तीच खुर्ची. समोर नवा तिसरा भाग होता, वेष्टनसुद्धा न काढलेला.

"पुस्तक वाचलं नाहीत, काका?"

"प्रुफं तीनदा वाचली. छापून आलेलं पुस्तक मी उघडत नाही, बाई. उघडलं की नेमकी चूकच दिसते, मग जेवण जात नाही."

"कसं वाटलं?"

"व्याकरण शुद्ध आहे."

"सकाळी कुठे होतात?"

"घरी. बाराला आलो."

दारावरचा रखवालदार म्हणाला, "परकं कोणी आलं नाही. फक्त तो मास्तरांना शिव्या घालणारा म्हातारा शिंपी साडेअकराला जिन्यापर्यंत जाऊन ओरडून गेला."

झालं! तासाभरात शिंपी कोठडीत. साहेबांनी फर्मावलं, "संध्याकाळपर्यंत कागद तयार करा. आरोपी आयता मिळालाय."

शिंपी सत्तरीचा, हाडं मोजून घ्यावीत असा.

"मास्तरांना पत्रं लिहिलीत?"

"एकोणीस. प्रत्येकावर माझी सही आहे."

"काय लिहिलंत?"

"हेच, की लेखणी ठेवा आणि खडू उचला."

"आज ओरडलात?"

"ओरडलो! माझी बायको तीन वर्षं अंथरुणाला खिळलीय. रोज वीस पानं वाचून दाखवतो, तेवढाच तिचा विरंगुळा. बहिरा मेला त्या दिवशी तिने घास घेतला नाही."

"म्हणून मारलंत?"

"वेड लागलंय का मला? मास्तर मेले तर पुढचा भाग कोण लिहिणार? आणि मी शिव्या कोणाला घालणार?" मग त्याने कोठडीचे गज धरले. "बाई, ती घरी एकटी आहे. तिला पाणी द्यायला दुसरं कोणी नाही हो."

इन्स्पेक्टर बाई स्वतः त्याच्या घरी गेल्या. म्हातारीला पाणी पाजलं. ओठ कोरडे पडले होते, तरी तिने पहिला प्रश्न विचारला तो नवऱ्याचा. उशाशी तिसरा भाग पडला होता. बाईंनी सहज एकशे बारावं पान उघडलं आणि त्या जागीच थबकल्या.

एकशे बाराव्या पानावर बहिरा खलाशी मजेत बुद्धिबळ खेळत होता.

त्यांनी पानं उलटली. बहिरा मेला होता एकशे अठ्ठाविसाव्या पानावर. समासात शिंप्याने पेन्सिलीने एक सणसणीत शिवी लिहिली होती.

पाच वाजता बाईंनी तिघांना माडीवरच्या खोलीत बसवलं: प्रकाशक, थोरल्यांच्या पत्नी आणि प्रूफरीडर काका. दाराशी हवालदार उभा केला.

"ज्याने धमकी लिहिली," बाईंनी सुरुवात केली, "त्याच्यासाठी बहिरा एकशे बारावर मरतो. दुकानातल्या पुस्तकात तो एकशे अठ्ठावीसवर मरतो. फरक सोळा पानांचा. ती कुठली, सांगा बरं?"

"वहिनींच्या आठवणी!" प्रकाशक म्हणाले. "प्रुफं संपल्यावर त्या सुरुवातीला घातल्या, म्हणून सगळे आकडे सरकले."

"म्हणजे धमकी लिहिणाऱ्याने छापील पुस्तक उघडलंच नाही, फक्त प्रुफं वाचली. शिंप्याकडे प्रुफं कुठून येणार? आता ती पानं, प्रकाशक, तुम्ही घातलीत आणि या वहिनींनी लिहिली. तुम्हा दोघांपैकी कोणी हा आकडा चुकवणार नाही. मग प्रुफं वाचणारा आणि पुस्तक न उघडणारा कोण राहिला?"

काकांनी चष्मा काढला.

"मी रखवालदाराला पुन्हा विचारलं, परकं सोडा, काका कधी आले? तो म्हणाला, काका होय, ते अकरालाच वर गेले, ते काय परके आहेत? मास्तरांनाही तुम्ही परके नव्हतात. म्हणून तर त्यांनी मान वळवली नाही."

काका चष्म्याच्या काचा पुसू लागले.

"लोक एकदा वाचतात आणि फेकून देतात," ते म्हणाले. "मी तीनदा वाचतो. अक्षर न् अक्षर. तो माझ्यासमोर तीनदा मेला. दुसऱ्या प्रुफांना मी मास्तरांपुढे हात जोडले, त्याला मारू नका म्हणून. म्हणाले, ठरलंय ते. आज पुन्हा विचारलं, का मारलंत? तरी तेच. लिहीतच राहिले."

"आणि तो कागद?"

"घरूनच टाइप करून आणला होता. शिव्यांच्या ढिगात हाही वाचकाचाच समजतील, असं वाटलं."

बाईंनी हवालदाराला सांगितलं, "फोन लाव. शिंप्याला आधी घरी पोचवा म्हणावं, बाकीचं मग."

तेव्हा थोरल्यांच्या पत्नी पहिल्यांदा बोलल्या. "मास्तरांना बोलायची बंदी होती. मीच शपथ घातली होती." त्यांनी पर्समधून एक निळी वही काढली. "ही यांची वही. शेवटपर्यंत काय घडणार ते यांनी लिहून ठेवलंय. बहिऱ्याला यांनी मारलं. मास्तर माझ्यापुढे रडला, म्हणाला, काकू, हे पाप माझ्या हातून नको. मी म्हटलं, लिही. यांच्या नावाला बोल नको म्हणून सगळ्या शिव्या मी त्याला खाऊ दिल्या."

त्यांनी पान उघडून काकांपुढे धरलं. थोरल्यांचं ते गिचमिड अक्षर लावणं जगात एकट्या काकांनाच जमायचं. त्यांनी वाचलं. ओठ हलत होते. एकदा वाचलं, दुसऱ्यांदा वाचलं. बाईंना त्या क्षणी त्यांच्याकडे बघवेना.

तिसऱ्यांदा वाचून झाल्यावर काकांचा हात पान उलटायला पुढे आला.

वहिनींनी वही मिटली.

"जहाज पोचतं का?" काकांनी विचारलं. "वहिनी, तेवढंच सांगा. मी आता बाहेर येणार नाही. फक्त पोचतं का ते."

"तुम्हाला नाही सांगणार," त्या म्हणाल्या. वही पर्समध्ये टाकून त्या जिना उतरून गेल्या.