वॉर्डातला स्विच विसरला नाही

खंडेनवमीच्या सकाळी साडेनऊला वारंगा फाट्यावरच्या खासगी दवाखान्याची लॅब मुकी झाली. रक्ताचे रिपोर्ट वॉर्डात पोचेनात. एक बाळंतीण दोन तास खोळंबली. तेवढ्या वेळात व्यवस्थापक अमृतरावांनी एकच काम केलं, नेटवर्क सांभाळणाऱ्या करुणाविरुद्ध पोलिसांत तक्रार दिली.

सायबर शाखेची उपनिरीक्षक निलम राठोड बाराला आली. करुणा भिंतीला टेकून उभी होती. कोणी तिला खुर्चीसुद्धा दिली नव्हती. निलमचं डोकं तिथंच तापलं.

"पासवर्ड फक्त हिच्याकडं," अमृतराव म्हणाले. "उद्या दीक्षाभूमीला जायला रजा मागितली, मी न्हाई म्हणलं. घेतला सूड. नोकरी गेलीच, आता आत टाका."

"करुणा, नेमकं काय गेलं?"

"मॅडम, एकाच तारेतून लॅब, वॉर्ड, औषधालय यांच्या वेगळ्या वाटा काढल्यात. त्यांना व्हीलॅन म्हणतात. त्यांची यादी प्रत्येक स्विचात, म्हंजे तारा जोडायच्या डब्यात असते. पाच स्विचांतली पुसल्या गेली. सहावा वॉर्डातला, दुसऱ्या कंपनीचा. त्याची शाबूत हाय."

"तुझ्याकडं पासवर्ड सहाही स्विचांचा आहे?"

"व्हय."

"सकाळी कुठं होतीस?"

"घरी. पूजा उरकल्यावरच ये, असा साहेबांचा निरोप होता."

निलमनं दात आवळले. पूजेच्या टेबलावर झेंडूत यंत्रं मांडलेली होती. मागं नेटवर्कची एक तार लोंबत होती. तिच्या टोकाला कुंकू लागलं होतं.

"पूजेचा फोटो आहे?"

अमृतरावांनी हौसेनं फोन पुढं केला. वेळ नऊ पंचवीस. मधोमध एक जुना स्विच, त्यावर दोन हिरवे दिवे.

"हा कुठाय?"

"भंगारातला हाय. दवाखान्याचं पहिलं यंत्र, म्हणून मान दिला. कपाटात ठेवला."

"पूजेतलं यंत्र दसऱ्यापर्यंत हलवत नाहीत. बाकी सगळी जागच्या जागी आहेत. हाच काहून उचलला?"

अमृतरावांनी फोन खिशात टाकला.

"मी सांगते. नुसत्या विजेवर एक दिवा लागतो. दुसरा पेटायला नेटवर्कची तार लागते. फोटोसाठी तुम्ही ती जोडली. हे पाच स्विच याच कंपनीचे. ते यादी आपसांत वाटतात, आणि यादी बदलली की वाढणारा क्रमांक जिचा मोठा, तीच खरी मानतात. या जुन्याची यादी रिकामी, क्रमांक मात्र मोठा. पाचांनी त्याचं ऐकलं. वॉर्डातल्याला ती भाषाच कळत नाही, म्हणून तो वाचला. करुणाला सूडच घ्यायचा असता तर तिनं सहावा सोडला असता का?"

"चुकून झालं, मॅडम."

"चुकून तार जोडली. लॅब बंद पडताच ती उपटली आणि स्विच दडवला, ते चुकून नाही. तिकडं बाई रक्ताच्या रिपोर्टावाचून पडली होती आणि तुम्ही इथं खोटी तक्रार लिहीत होता."

अमृतरावांनी घाम पुसला. "करुणा, उद्याची रजा घे. मिटलं."

"रजेनं मिटत न्हाई, साहेब." करुणा भिंतीपासून पुढं आली. "सगळ्यांसमोर मला गुन्हेगार म्हणले. सगळ्यांसमोरच सांगा, यादी कोणी पुसली."

निलमनं दार उघडून कर्मचाऱ्यांना आत बोलावलं. मग अमृतरावांची खुर्ची ओढून करुणाला बसायला दिली.

"बोला," ती अमृतरावांना म्हणाली. "उभ्यानंच बोला."