निकालात नसलेलं कडवं

"निकाल समजून घ्यायचा तर आधी हरलेल्याचं ऐकावं. जिंकलेल्याचं काय, न्यायाधीश सांगतातच."

ज्यांच्या हाताखाली वकीलबाई घडल्या, त्या थोरल्या वकिलांचा तो घोगरा आवाज त्यांच्या कानातून कधी गेला नाही. मासिकासाठी निकालावर भाष्य लिहायला बसल्या, की त्या आधी हरलेल्याच्या कोर्टातल्या साक्षीची ध्वनिफीत ऐकत.

या वेळी हरली होती एक म्हातारी. खेळण्यांच्या कंपनीने बाहुलीच्या पोटात एक अंगाई भरली होती. म्हातारी म्हणे, ही माझी, नातीसाठी परवा-परवा मीच रचलेली. कोर्ट म्हणालं, अशी गाणी पिढ्यानपिढ्या तोंडोतोंडी येतात, ती कुणा एकाची नसतात. अपील बाकी होतं. वकीलबाईंचं भाष्य वरच्या कोर्टात वाचून दाखवलं जाई, त्यामुळे म्हातारीचं गाणं आता त्यांच्या शब्दावर टांगलेलं होतं.

भर दुपारी मासिकाच्या कचेरीत त्यांनी कानाला हेडफोन लावून साक्ष लावली. खुर्ची सरकल्याचा आवाज, कुणाचं तरी खाकरणं, मग सुरकुतलेला पण ओला गळा:

*नीज माझ्या पाखरा, दिवा ठेवला झाकून,*
*वारा उभा दारापाशी, पायताण काढून.*

मग त्याच चालीत आणखी एक. दोन कडवी. निकालातही दोनच. 'कोर्टाशी सहमत' असं लिहून त्यांनी खात्रीसाठी साक्ष पुन्हा लावली. या खेपेला दुसऱ्या कडव्यानंतर म्हातारीने श्वास घेतला आणि गाणं पुढे चाललं:

*नीज माझ्या पाखरा, नको बघू गं उठून,*
*बसले मी उशापाशी, कुणी नाही म्हणून.*

त्यांनी शेजारच्या टेबलापाशी बसलेल्या संपादकांना ऐकवलं.

"दोनच आहेत की," ते म्हणाले. "अंगाईच ती, बाई. डोळा लागला असेल तुमचा. पण पानं आज छापायला जायचीत, तेवढं झोपेतून उठून द्या."

त्या हसल्या. 

तिसऱ्यांदा लावलं. 'नको बघू गं उठून' पाशी म्हातारी थांबली. कोर्टातली खुसखुसही थांबली. कुणीतरी वाट बघत असावं तशी ती शांतता लांबत गेली, आणि वकीलबाईंच्या तोंडून पुढची ओळ आपसूक निघाली. चालीसकट, हेल काढून.

"हं," म्हातारी म्हणाली.

त्यांनी हेडफोन काढून ठेवला.

ही ओळ एकदा ऐकून ओठांवर आलेली नव्हती. ती लहानपणापासूनची होती, हाडामांसातली. म्हणजे आईने गायलेली. आई गात होती, तर गाणं जुनं. म्हातारी खोटी, कोर्ट खरं. एवढं पक्कं झालं की सुटले.

त्यांनी आईला फोन लावला आणि अंगाई म्हणून दाखवली, तिन्ही कडवी.

पलीकडे भांड्यांचा आवाज थांबला.

"आई, मला झोपवताना तू हे म्हणायचीस ना?"

"जेवलीस का गं?"

"आई. एका बाईचं सगळं यावर अडलंय."



"मी नाही म्हटलं कधी," आई म्हणाली. "मला बाळंतवात झालेला, डोकं ठिकाणावर नसायचं. तू आतल्या खोलीत, मी बाहेर. तू रडायला लागलीस की आत कुणीतरी हे म्हणायचं. घरात तर आपण दोघीच. दार उघडलं की गाणं बंद, आणि तू पुन्हा रडायला लागायचीस."

"मग?"

"मग मी दार उघडणं सोडलं."