दप्तरखान्यातलं बंद मशीन

दुपारचे साडेतीन वाजले होते. साडेचारला मुलीला शाळेतून आणायचंय, हे दुरुस्तीवाल्याने दप्तरखान्याच्या बाईंना जिना उतरता उतरताच सांगून टाकलं. गेल्या आठवड्यात त्याला उशीर झाला, तेव्हा पोर बंद फाटकाशी एकटी रडत उभी होती. ते रडणं अजून त्याच्या कानातून जात नव्हतं.

"अर्ध्या तासाचं काम, ताई. किती दिवस बंद आहे मशीन?"

"मी आल्यापासून बंदच. माझ्या आधीचे दप्तरी म्हणायचे, बंद आहे तेच बरं. पण नवे साहेब हात धुऊन मागे लागलेत."

तळघरातली ती खोली जुन्या कागदांनी छतापर्यंत भरलेली. तिचं जाड लोखंडी दार आपोआप लागायचं. पूर्वी आतबाहेर जाणाऱ्यांची नोंद आतल्या या कॉम्प्युटरवर व्हायची आणि 'बाहेर'ची नोंद केल्याशिवाय दार सुटत नसे. मशीन बंद पडलं तेव्हापासून दार बाहेरून किल्लीने उघडावं लागे.

"झालं की वाजवा. मी इथेच बसलेय," बाई म्हणाल्या. दार लागलं आणि त्याच्या मोबाइलची रेंजही गेली.

आत ओल्या पुठ्ठ्याचा वास होता. त्याने बटण दाबलं. मशीन ढिम्म. सॉकेटला टेस्टर लावला, वीज होती. केबल बदलली, तरी तेच. मग मशीनचा डबा उघडला, धूळ फुंकली आणि पॉवर सप्लाय सोडवून तारेच्या तुकड्याने वेगळा चालवून पाहिला. पंखा घरघरला. तार काढली, पंखा थांबला. घरघर मात्र थांबली नाही. ती कपाटांच्या मागून येत होती, सावकाश, दमेकऱ्याच्या श्वासासारखी.

पाण्याचा पाइप असेल, अशी त्याने मनाची समजूत घातली. तो पुन्हा डब्यावर वाकला.

शेवटी दोष सापडला. बटणाची वायर बोर्डावरून काढून, टोकाला टेप गुंडाळून कोणीतरी ती कोपऱ्यात दडवून ठेवली होती. इतक्या निगुतीने कोणी का काढली, हा प्रश्न त्याला पडायला हवा होता. पण दुरुस्तीवाल्याची खोडच ती, सुटी वायर दिसली की हात शिवशिवणार. त्याने टेप सोलला, वायर जोडली, बटण दाबलं.

पडद्यावर अक्षरं उमटली. आत : २.

त्याने तर स्वतःची नोंद केलीच नव्हती.

घरघर आता जवळ आली होती. त्याने धावत जाऊन दार बडवलं. "ताई, उघडा... लवकर उघडा."

"अहो, किल्ली फिरतेय, पण दार सुटत नाहीये. मशीन चालू केलंत ना? मग तुम्हालाच आतून नोंद करावी लागेल."

तो परत फिरला. बाहेर किती जण, असं मशीन विचारत होतं. त्याचं बोट आकड्यांवर घुटमळलं. जे काही कपाटांमागे आहे, त्याला कशाला सोडायचं? आपण एकटे सुटलो म्हणजे झालं. त्याने एक दाबला.

खट्. दार उघडलं. तो वळला, तेवढ्यात त्याच्या खांद्याला घासून काहीतरी ओलसर पुढे गेलं. तो दारापर्यंत पोचला तेव्हा दार लागलेलं होतं. पडद्यावर होतं, आत : १. मग पडदा विझला, आणि त्याने कितीही जोर लावला तरी बटण दबेना.

तो जिवाच्या आकांताने ओरडला. गळ्याच्या शिरा ताणल्या, आवाज मात्र फुटेना. मुठी आपटल्या, पण लोखंड वाजेना. बाहेरचं बोलणं तेवढं स्पष्ट ऐकू येत होतं.

"झालं का हो? केवढं घाबरलात!"

"झालं, ताई. मशीन बंद करून आलोय. आता त्याला कोणी हात लावू नका." आवाज त्याचाच होता, थेट त्याचाच.

"बरं. पळा आता, मुलगी वाट बघत असेल. कुठल्या शाळेत आहे?"

बाहेरच्याची पावलं जिन्यावर वाजली.

"विचारत विचारत जाईन," तो म्हणाला.