पोस्टमनच्या डब्यातलं पान

ही घटना खरी आहे. खोटी असती, तर मी याहून बरी रचली असती.

ज्यांना पांढरे कपडे, उलटे पाय आणि बाराच्या ठोक्याला रडणारं बाळ हवं असेल, त्यांनी इथेच थांबावं. यात तसलं काही नाही. जे आहे ते दिवसाढवळ्या घडलं, आणि ज्यांच्यासोबत घडलं ते माझे सख्खे मेहुणे. ताईचे यजमान. त्यांच्याकडून मी हे तीनदा ऐकलं, तीन वेगवेगळ्या दिवशी. तपशील एकदाही बदलला नाही.

वार शनिवार. जानेवारीचा तिसरा आठवडा. दुपारी दोन वाजून दहा मिनिटं.

जागा गावाबाहेरच्या जंगलातली पायवाट. तिच्या तोंडाशी एक लाकडी फाटक आहे आणि फाटकावर कुत्री मोकळी सोडू नयेत अशी पाटी.

दाजी जमीन मोजणीचं काम करतात. त्यांना जगातल्या बहुतेक माणसांचा तिटकारा आहे, कारण बहुतेक माणसं 'जवळपास' हा शब्द वापरतात. सुट्टीच्या दिवशी ते जिओकॅशिंग करतात. खेळ सोपा आहे. कोणीतरी रानात एक डबा लपवतो आणि त्या जागेचे अक्षांश-रेखांश साइटवर टाकतो. बाकीच्यांनी जीपीएस घेऊन तो शोधायचा, आतल्या वहीत सही करायची, डबा होता तसा ठेवून यायचा. सापडला तर साइटवर 'सापडला' अशी नोंद करायची. नाही तर 'सापडला नाही'.

दाजींच्या नावावर अकराशे बारा डबे होते. 'सापडला नाही' अशी नोंद एकही नव्हती. हे ते जेवतानाही सांगत.

त्या जंगलातला डबा एका निवृत्त पोस्टमनचा होता. त्याने असे सात डबे लपवले होते आणि सातही आकड्यांत आठ-नऊ मीटरचा फरक असायचा. दाजी म्हणायचे, “जन्मभर पत्रं वाटली याने. ती तरी बरोबर घरात पडली का, चौकशी केली पाहिजे.” पोस्टमन प्रत्येक डब्याच्या माहितीखाली एकच ओळ लिहायचा. डबा मिळाला नाही तर तसं लिहा, त्यात कमीपणा नाही. दाजींना त्या ओळीचा सगळ्यात जास्त राग होता.

पोस्टमन ऑक्टोबरात गेला. सकाळी नवरा-बायकोचं भांडण झालं. खोकला असताना तो जंगलातला हाच डबा तपासायला निघाला होता. ती म्हणाली, “एवढं आहे तर तिकडेच जाऊन राहा.” तो काही न बोलता गेला. दुपारी परत आला, कोट खुंटीला लावला, खुर्चीत बसला. ती पाणी घेऊन येईपर्यंत संपलं होतं.

तीन महिन्यांनी तिने दाजींना फोन केला.

“भाऊजी, दर वेळी गेले की त्या वहीत ते काहीतरी लिहायचे. शेवटचं काय लिहिलं तेवढं मला बघायचंय. वही आणून द्याल का? माझे गुडघे नाहीत हो तिथवर जाण्यासारखे.”

“सोमवारच्या आत आणतो, वहिनी,” दाजी म्हणाले.

फोन ठेवून ते ताईला म्हणाले, “काय असणार त्यात? तारीख, सही, हवा खराब. महाकाव्य थोडंच लिहिलं असेल त्याने.”

“तिला हवंय ना? आणून द्या. तुमचं काय जातंय?”

“माझा शनिवार जातोय.”

तर शनिवार.

आमच्याकडे जानेवारीत पडतो तसा रात्री बर्फ पडून गेला होता. वाटेवर एकही पाऊल उमटलेलं नव्हतं. जीपीएसवर डबा तेराशे मीटरवर होता. दाजी निघाले. झाडी दाट होती, आणि उजेड असा की दुपार आहे की संध्याकाळ ते सांगता येऊ नये.

साठ मीटर उरले तेव्हा बुटाची नाडी सुटली. ते वाकले. बांधली. उभे राहिले.

पडद्यावर बावन्न आकडा होता.

ते जागचे हलले नव्हते.

एकोणपन्नास... चव्वेचाळीस... अडतीस...

दाजी घाबरले नाहीत. घाबरणं हे त्यांच्या मते अडाणी माणसांचं काम. फांद्यांवर बर्फ साचला की सिग्नल भरकटतो, हे त्यांनी शिकाऊ पोरांना शंभरदा शिकवलेलं. ते नुसते उभे राहिले आणि आकडा थांबायची वाट बघू लागले.

एकवीस... सोळा...

आणि मग आवाज आला. पत्र्याच्या डब्यात पेन्सिल घरंगळावी तसा. खडखड... आणि शांत. पुन्हा खडखड. कोणीतरी डबा काखेत धरून सावकाश चालत यावं, तसा.

चार.

शून्य.

आवाज थांबला.

समोर कोणी नव्हतं. पक्षी नव्हता, वारा नव्हता. दाजी म्हणतात, आपल्याच जॅकेटची सळसळसुद्धा त्यांना ऐकू येत नव्हती.

ते दहा पावलं पुढे गेले. शून्य.

वीस पावलं डावीकडे. शून्य.

मागे आले. शून्य.

“गोठलं,” दाजी म्हणाले आणि यंत्र खिशात टाकलं. चांगल्या कंपनीचं, चार महिन्यांपूर्वी घेतलेलं. ते गोठत नसतं, हे त्यांच्याइतकं कोणालाच ठाऊक नव्हतं.

पन्नास मिनिटं त्यांनी हाताने शोधलं. ढोल्या, मुळं, दगडांच्या फटी. मधल्या मोकळ्या जागेत एक मोठं खोड आडवं पडलं होतं, त्याच्या दोन्ही टोकांना हात घालून पाहिला. डबा नव्हता.

आता इथे शहाणा माणूस काय करतो? घरी जातो, बाईला फोन करतो, सांगतो की वहिनी, नाही मिळाला. तिला वाईट वाटतं. संपलं.

दाजींच्या डोळ्यांसमोर वहिनी नव्हतीच. त्यांच्यासमोर होता ग्रुपमधला एक दातांचा डॉक्टर, ज्याला सगळे दंतमंजन म्हणतात. बावीस वेळा 'सापडला नाही' लिहूनही तो माणूस दर रविवारी हसत भेटतो. तो आता काय म्हणेल ते दाजींना शब्दन् शब्द ऐकू येत होतं.

ते खोडावर बसले. भिजलेल्या वहीच्या जागी ठेवायला त्यांच्या पिशवीत नेहमी एक कोरी वही असते. चाळीस पानांची. त्यांनी तिचं एक पान पट्टी लावून सफाईने फाडलं. उलटून पाहिलं. दोन्ही बाजू कोऱ्या. मोजणीदार कागद उलटून पाहिल्याशिवाय त्यावर रेघ मारत नाही.

पोस्टमनचं अक्षर त्यांना माहीत होतं, बाकीच्या सहा डब्यांतून पाहिलेलं. जुन्या नकाशांवरची अक्षरं हुबेहूब उतरवायचं काम त्यांनी उमेदवारीत पाच वर्षं केलं होतं. त्यांनी ऑक्टोबरातली ती तारीख घातली. खाली लिहिलं, 'डबा कोरडा. पेन्सिल बदलली. हवा खराब.' सही केली.

डबा फुटला होता, वहीचा लगदा झाला होता, हे एकच पान शाबूत राहिलं. ही थाप त्यांनी तिथेच जुळवली. म्हाताऱ्या बाईला काय कळणार?

लिहायला वीस मिनिटं लागली. थंडीने बोटं वळत नव्हती. मधेच बर्फ पुन्हा सुरू झाला होता.

कागद जुना दिसावा म्हणून तो थोडा भिजवायचा होता. दाजींनी त्यावर पडलेला बर्फ चोळायला बोट टेकवलं आणि...

कागदावर बर्फ नव्हता.

एक कणही नव्हता. गुडघ्यांवर नव्हता. मांडीवर नव्हता. आजूबाजूला भुरभुर चालली होती, खोडाच्या टोकांवर पांढरा थर जमला होता. फक्त ते बसले होते तेवढ्या जागेवर काही पडत नव्हतं.

कोणीतरी मागून वाकून, खांद्यावरून बघत असावं, तसं.

दाजींनी वर पाहिलं. वर फांदी नव्हती. नुसतं आभाळ होतं.

त्यांनी हात लांब करून बर्फ घेतला, कागदाला लावला, कागद प्लास्टिकच्या पाकिटात घातला, पाकीट आतल्या खिशात, वर चेन. मग उठले. आणि खोडाच्या मागे पाहिलं.

ताज्या बर्फात दोन जागा रिकाम्या होत्या.

बुटांच्या आकाराच्या. शेजारी शेजारी. बाकी सगळीकडे नवा थर, त्या दोन जागी जुनाच बर्फ.

तिथवर येणारी पावलं नव्हती. तिथून जाणारीही नव्हती.

“हरीण असेल,” दाजी मोठ्याने म्हणाले. हरणाला चार पाय असतात आणि ते बूट घालत नाही, हे मी त्यांना तिन्ही वेळा सांगितलं.

आपण पळालो नाही, असं ते आजही सांगतात. फाटक तेराशे मीटरवर, वाट बर्फाने भरलेली, माणूस बावन्न वर्षांचा. अकरा मिनिटांत पोचले. वाचकांनी हिशोब करावा.

तिथून ते थेट वहिनींकडे गेले. वाटेत कुठे उतरले नाहीत. पाकीट खिशातून निघालं नाही.

वहिनींनी त्यांना स्वयंपाकघरात बसवलं. पोस्टमनचा कोट अजून खुंटीवर होता. तिने आधी चहा ठेवला, कप त्यांच्यापुढे सरकवला, मग हात पुसून पान घेतलं. दाजींनी डबा फुटल्याचं सांगून टाकलं.

तिने वाचलं. तीन वाक्यं वाचायला वेळ तो किती लागणार? पण ती बराच वेळ बघत होती. हळूहळू तिचा चेहरा विझत गेला.

“एवढंच?”

“एवढंच, वहिनी. कमीच बोलायचा तो.”

तिने मान हलवली. आणि घडी घालण्यासाठी पान उलटलं...

थांबली.

मागची बाजू भरलेली होती. वरपासून खालपर्यंत, बारीक पेन्सिलीने. कागदातून पलीकडे उमटलेली अक्षरं दाजींना समोरून दिसत होती.

ती वाचू लागली. ओठ हलत होते, आवाज नव्हता. एकदा तिने पदराने डोळे पुसले. एकदा हसली. दाजींनी कपाकडे हात नेला.

शेवटच्या ओळीशी ती आली. मान वर करून तिने दाजींकडे पाहिलं. मग त्यांच्या खांद्याच्या वर, मागे. मग पुन्हा त्यांच्याकडे.

तिने कप त्यांच्या हाताखालून काढून घेतला. चहा मोरीत ओतला. कप विसळून पालथा घातला.

“काय झालं, वहिनी?”

“‘हे पान घेऊन येणारा खोटारडा आहे,’” तिने वाचून दाखवलं, “‘त्याला चहा देऊ नकोस.’”

दाजींनी रिकामा हात मागे घेतला.

“मागचं अक्षर माझ्या नवऱ्याचं आहे,” ती म्हणाली. “पुढचं कोणाचं?”

दाजी उठले.

“जाताना दार ओढून घ्या.”

पुढच्या शनिवारी दंतमंजन तिथे गेला. त्याला यातलं काही माहीत नव्हतं. डबा आठ मिनिटांत सापडला, त्या आडव्या खोडाच्या मधोमध, खाली. डबा धड होता, वही कोरडी होती. पोस्टमनची शेवटची नोंद सप्टेंबरची. त्यानंतरचं एक पान फाडलेलं होतं, पट्टी लावून फाडावं तसं, सफाईने.

हे कळल्यावर दाजींनी आपली कोरी वही काढून मोजली. चाळीस पानांची वही. ताईने मोजली. मी मोजली.

चाळीस भरली.

मी वहिनींना जाऊन भेटलो. ती माझ्याशी नीट बोलली. पान दाखवा म्हटलं, तर तिने फक्त पुढची बाजू दाखवली.

“मागचं माझं आहे. मला जे हवं होतं ते त्यात आहे. बास.”

“पण ते लिहिलं कधी? ऑक्टोबरात, की...”

“मला काय विचारता? मेहुण्यांना विचारा तुमच्या. तेच होते तिथे.” ती पानाची घडी घालत होती. “खोटं लिहायला बसलं, तर मागे कोणी उभं नाही ना, एवढं तरी बघावं माणसाने.”

दाजींनी अजून साइटवर काही नोंद केलेली नाही. 'सापडला' लिहवत नाही, 'सापडला नाही' लिहवत नाही. त्या जंगलाच्या बाजूची मोजणी आली की ते दुसऱ्याला पाठवतात.

निघताना वहिनींनी मला विचारलं, “हे छापणार आहात?”

“हो.”

“मग जपून लिहा.”

वरचा प्रत्येक आकडा मी दोनदा तपासला आहे. एक वाक्य मात्र लिहून खोडलं. बरं जमलं होतं, पण ते खरंच तसं घडलं का, याची मला खात्री नव्हती.

खोडताना दुपारचे साडेतीन वाजले होते. खिडकी बंद होती. घरात मी एकटाच होतो.

तरी आधी मागे वळून पाहिलं.