सरकती कमान

"चुनीलालला मी त्याच हौदात उतरवीन!" फुलवंतानं मुठी आवळल्या. "मन्हा बाप खोटा नई शे!"

"उतरवू ना," धनकंवर म्हणाली, "पण आधी पुरावा!"

१९३८ सालची मे महिन्याची सुट्टी. धनकंवरच्या काकांनी, केवलचंद शेठांनी, तळोद्याच्या बागेत नरसाळ्यासारखा, खाली टोकदार हौद बांधला होता. ताजा गिलावा वाळायच्या आतच कुणीतरी पाटाची फळी उघडली आणि पाणी चढलं तिथवरचा गिलावा धुऊन गेला. फळीच्या कुलुपाची किल्ली सकाळी मुनीम चुनीलालकडे असे, बारानंतर रखवालदार जालमसिंगकडे. "बाराला यानंच उघडली, तीनला मी बंद केली!" चुनीलाल म्हणाला. झालं, जालमसिंगची नोकरी गेली! तेव्हापासून फुलवंताचा बाप भाकरीला शिवला नव्हता. तिच्या उरात निखारा फुलत होता.

रिकाम्या हौदात पाण्याची रेघ अजून होती, तळापासून बरोबर दोन हात. पोरींनी शेठांकडून किल्ली घेतली आणि फळी उघडली. तासाभरात पाणी एक हात चढलं.

"म्हणजे दोन तासांत दोन हात?" फुलवंतानं विचारलं.

"छट्! वर हौद रुंद होतो ना! दुप्पट उंचीला आठपट पाणी. उंची म्हणजे तासांचं घनमूळ!"

धनकंवरनं आलेख काढला. आधी झपकन चढणारी, मग दमल्या बैलासारखी आडवी होत जाणारी कमान! ती पुठ्ठ्यावर उतरवून त्यांनी कापून घेतली.

ओट्यावर सगळे जमले. आडवे तास आणि उभे हात मांडलेल्या कागदावर फुलवंतानं कमानीचं सुरुवातीचं टोक बारावर टेकवलं.

"बघा शेठजी! तीनला पाणी दीड हातही नाही. रेघ मात्र दोन हातांवर!"

"पोरींच्या रेघोट्या!" चुनीलाल हसला.

"कमान तीच, मुनीमजी. फक्त डावीकडे सरकवते." अकरा... दहा... नऊ... आठ... कमान तीनला दोन हातांवर टेकली, तेव्हा तिचं टोक सातवर होतं!

"सकाळी सातला किल्ली कुणाकडे होती?"

चुनीलालचा चेहरा चुन्यासारखा पांढरा पडला. "म्हशींना पाणी पाजायला उघडली होती... विसरलो..."

केवलचंदांनी जालमसिंगपुढे हात जोडले. "जालमसिंगभाऊ, चूक माझी झाली. आत्तापासून कामावर या. आणि पोरींनो, शाबास! अशी युक्ती आम्हा मोठ्यांना सुचली नाही! बोल फुलवंता, याला काय शिक्षा?"

फुलवंता याचीच वाट बघत होती.

दुसऱ्या दिवशी चुनीलाल धोतर खोचून हौदाच्या टोकाशी उभा होता, कोपरापर्यंत चुन्यात. वर काठावर बापाशेजारी भाकरी खात फुलवंता ओरडली,

"नीट थापा, मुनीमजी! वर रुंद होत जातो बरं का! दुप्पट उंचीला चौपट गिलावा शे!"