मार्डीचे लाल ब्रेक

तो मोबाईल ठेव खाली, निनाद. बघितली मी तुझी गाडी. पिवळी आहे, टर्बो आहे, पाच दरवाजे आहेत, म्हणजे आईला सांगायला बरं की घरगुती गाडी आहे. आणि जाहिरातीतल्या फोटोत पुढच्या चाकांतून लाल ब्रेक दिसतायत, त्यांच्यावर तू भाळलायस. हसू नकोस. एकतीस वर्षं टास्मानियातल्या या स्कॉट्सडेलमध्ये गॅरेजात पाने फिरवतोय मी, मला कळत नाही होय?

शेगडीत दोन ओंडके टाका आणि बसा दोघं, तू आणि हा तुझा मित्र. गाडी घ्यायची की नाही ते मागाहून ठरवू. आधी ग्लेन पॅस्कोचं काय झालं ते ऐका. त्यानं मला ते स्वतः सांगितलं, तीन वेळा, आणि तिन्ही वेळा एक शब्द इकडचा तिकडे झाला नाही. उरलेलं मी माझ्या या डोळ्यांनी पाहिलंय.

गेल्या वर्षीची चौदा जून. शुक्रवार होता, इकडचा ऐन हिवाळा. ग्लेन लॉन्सेस्टनला गेला होता, कुणाच्या तरी भंगारातल्या गाडीच्या दोन सीट आणायला. साधं काम. सीट मागे कोंबल्या, गरम पॅटिस खाल्लं, आणि साडेआठला परतीच्या वाटेला लागला. मध्ये साइडलिंगचा घाट.

ग्लेनला अख्खं गाव ओळखायचं. जुन्या पण तेज हॅचबॅक घ्यायचा, दोन-तीन वर्षं त्यांच्या मागे जीव टाकायचा, मग विकून दुसरी. हात सोन्याचा होता त्याचा. खोटं का बोलू? तेल किती दिवसांनी बदललं, इंजिनचा पट्टा कधी घातला, सगळं वहीत. त्या रात्री नेली होती ती काळी हॅचबॅक तर त्यानं इतकी जपली होती की पावसात बाहेर काढायचा नाही.

आता या गाड्यांच्या नादी लागलेल्यांची एक रीत आहे, तुम्हाला माहीत आहेच. गाडी विकायच्या आधी वरून चढवलेले भारी भाग काढून घ्यायचे, आणि कंपनीचे मूळचे, शेडमध्ये पडलेले, परत बसवायचे. सगळे करतात. मीही केलंय. त्यात पाप नाही, समोरच्याला सांगून केलं तर.

ग्लेननं याआधीची गाडी मार्डी व्हिटलॉकला विकली होती. त्या रात्रीच्या आठ महिने आधी. सत्तावीस वर्षांची पोर, ऑल्विन म्हाताऱ्याची एकुलती एक. दुधाचा टँकर चालवायची. भरलेला टँकर घेऊन याच घाटातून रोज जा-ये, आणि कधी कुणाच्या आरशालासुद्धा खरचटलं नाही. बुधवारी तिनं गाडी पाहिली. लाल ब्रेक हातानं चाचपून पाहिले.

"काय रे ग्लेन," म्हणाली, "उतारावर दगा देणार नाही ना?"

"अगं बाई, माझ्या सख्ख्या बहिणीला दिली असती ही गाडी!"

"तुला बहीण आहे कुठे, लबाडा?"

दोघंही हसले. मग त्यानं तिला टर्बोचं समजावलं. जोरात चालवून आलीस की लगेच बंद करू नकोस, दोन मिनिटं तशीच चालू राहू दे, निवू दे. त्यासाठी काचेखाली एक लहानसा डबा बसवला होता. किल्ली काढून उतरलं तरी इंजिन चालू राहतं, डब्यावर दोनपासून उलटे आकडे पडतात, शून्य झालं की आपोआप बंद. मार्डीला भारी मजा वाटली. "धार काढून झाली की गाईलाही थोपटतोच की आपण," म्हणाली, आणि तिनं डॅशबोर्डवर तीनदा थोपटलं. थप, थप, थप. ती तिची सवयच झाली पुढे.

शनिवारी गाडी दिली. शुक्रवारी रात्री यानं शेडमध्ये लाल ब्रेक उतरवून घेतले आणि जुने लावले. डावं चाक आधी, मग उजवं. जुन्यांची ब्रेकच्या तेलाची रबरी नळी तडकलेली त्याला दिसली होती. दिसली होती, निनाद! मला म्हणाला, काका, वाटलं रोज टँकरच तर चालवते, ही गाडी रविवारची, कुठे एवढी दामटणार आहे. वरून बंद तबकडीची चाकं चढवली, आतलं दिसू नये म्हणून. "पुढच्या हिवाळ्याचे टायर फुकट देतोय," असं तिला सांगितलं. तिनं त्याला केक करून आणून दिला, त्याबद्दल.

अकराव्या दिवशी मार्डी घाटाच्या तिसऱ्या वळणावरून खाली फर्नच्या दरीत गेली. सापडली तेव्हा संपलेली होती.

चौकशी झाली. झिजलेले ब्रेक, फुटलेली नळी. ग्लेनला विचारलं, तर त्यानं जाहिरातीतले फोटो पुढे केले. हे बघा, मी विकली तेव्हा लाल ब्रेक होते. तिनंच विकून पैसे केले असतील आणि भंगार लावलं असेल. आणि लोकांनी मान डोलावली. ऑल्विन माझ्याकडे आला होता, इथे, याच दारात. "विनू, माझी मार्डी ब्रेक विकणारी पोर नाही. तू तरी एकदा बघ ना गाडी." आणि मी... मी काय म्हणालो माहितीय? "पोरंच ती, ऑल्विन, पैशाला काय नाही करत." माझी जीभ झडायला हवी होती.

ग्लेननं त्या गाडीचा सांगाडाही विकत घेतला. इंजिन चांगलं आहे, म्हणाला. खरं म्हणजे पुन्हा कुणी बघू नये म्हणून. जुने ब्रेक नेऊन ऑल्विनच्या शेजारच्या पडीक तळ्यात टाकले. लाल ब्रेकना काळा रंग फासून आपल्या काळ्या हॅचबॅकला लावले. आणि तो लहान डबा, चांगला चालतोय, वाया कशाला घालवा, म्हणून तोही लावला.

हे सगळं अंगावर घेऊन तो त्या रात्री घाट चढत होता.

नऊ वाजून दहा मिनिटांनी माथ्यावर पोचला. तिथे बाकं आहेत, तिथे लघवीला थांबला. धुकं इतकं की दिव्यांच्या पुढे दहा पावलं दिसेना. किल्ली काढली, खिशात टाकली, उतरला. मागे इंजिन घुरघुरत होतं. त्याचं काही नाही. दोन मिनिटांनी बंद होणार.

परत आला. इंजिन चालूच.

काचेतून वाकून डब्याकडे पाहिलं. दोन मिनिटं, शून्य सेकंद. आकडा हलत नव्हता. बिघडला वाटतं, म्हणून त्यानं दाराला हात घातला.

कट्ट.

डाव्या पुढच्या चाकापाशी.

हा आवाज ग्लेनला झोपेतसुद्धा ओळखू आला असता. घट्ट बसलेला नट पान्याखाली सुटतो, तो. मग दुसरा. तिसरा. घाई नाही. अगदी सावकाश, नीट काम करणाऱ्या माणसासारखं.

"कोण आहे रे?" तो ओरडला. "गाडीला हात लावशील तर तंगडं मोडीन!"

मोबाईलचा दिवा लावून पुढून फिरून गेला. कुणी नाही. ओलं गवत सरळ उभं. त्यावर पाऊल नाही. चाक जागच्या जागी.

कट्ट. आता उजवीकडून.

डावं आधी. मग उजवं. तेव्हा तो दोन पावलं मागे सरला. कारण त्या शुक्रवारी शेडमध्ये तो एकटा होता. कोणतं चाक आधी काढलं, ते त्याच्याशिवाय कुणालाच ठाऊक नव्हतं.

मग गाडी जराशी खाली बसली. जॅक काढल्यावर बसते तशी. आणि इंजिन बंद झालं.

एवढी शांतता, काका, की माझंच रक्त कानात ऐकू येत होतं, म्हणाला.

मोबाईलला तिथे रेंज नसते. चालत खाली यायचं तर बारा किलोमीटर, धुक्यात. तो गाडीत बसला. दार लावलं. आत वास होता... नासलेल्या दुधाचा. त्यानं काच खाली केली, तरी जाईना. किल्ली लावली, गाडी पहिल्या झटक्याला सुरू झाली. हळू काढली. पहिल्याच सपाटीवर ब्रेक दाबून पाहिला. लागला. बरा लागला. "वेडा आहेस ग्लेन," स्वतःलाच म्हणाला, "सीटच्या नट-बोल्टांचा आवाज असेल तो."

पहिलं वळण. ब्रेक लागला.

दुसरं वळण. पाय थोडा जास्त खोल गेला. लोण्यात गेल्यासारखा.

मग उतार. तिसरं वळण पुढे...

पाय तळाला टेकला.

त्यानं पुन्हा दाबला. पुन्हा. काही नाही. हँडब्रेक ओढला, तो दोरी तुटल्यासारखा हातात नुसता वर आला. गिअर खाली टाकायला गेला, जाईना. आणि शेजारच्या रिकाम्या सीटसमोर, डॅशबोर्डवर...

थप.

थप.

थप.

शेजारी कुणी नव्हतं. पण कानाशी, अगदी हसत हसत, बाईचा आवाज.

"काय रे ग्लेन... उतारावर दगा देणार नाही ना?"

"मी काढले!" तो किंचाळला. "मार्डी, मीच काढले गं! नळी तडकलेली दिसली होती मला! तू नाही विकलेस! सांगतो, सगळ्यांना सांगतो, थांबव!"

गाडी थांबली नाही.

तिला ते शब्द हवे होते, त्याला वाचवायचं नव्हतं. असं आपलं मला वाटतं.

तिसऱ्या वळणावरून काळी हॅचबॅक खाली गेली. तिच्याच जागी. त्याच फर्नमध्ये. उजवा पाय, ब्रेकवरचा, चेंगरून अडकला. किल्ली कुठेतरी उडाली होती. तरी इंजिन चालू होतं. त्या अंधारात त्याच्या तोंडासमोर तो डबा लुकलुकत होता, आणि आता आकडे पडायला लागले होते. एक एकोणसाठ. एक अठ्ठावन्न. ती निवू देत होती गाडी. त्यानं सगळी दोन मिनिटं पाहिली. शून्य झालं. इंजिन बंद पडलं. मग कुणीतरी दार उघडून उतरल्यासारखी गाडी शेजारच्या सीटच्या बाजूनं हलकी झाली.

लाकडं नेणाऱ्या एका ट्रकवाल्याला खाली दिवे दिसले. त्यानं खाली उतरल्यावर फोन केला, आणि अकराच्या सुमाराला मी माझा टोइंगचा ट्रक घेऊन पोचलो. ग्लेनला आधीच काढून नेलं होतं. मी साखळी टाकली, गाडी वर ओढली. पुढची चाकं माझ्या दिव्यात आली. सवयीनं आत डोकावलो.

गंजलेले, बारके, कंपनीचे ब्रेक. रबरी नळी फुटलेली. आणि त्या दोन्ही ब्रेकवर ओला, काळा चिखल... तळ्यातलं हिरवं शेवाळ लोंबत होतं. पाणी टपकत होतं.

सांगायला लाज कसली? मी ट्रकमध्ये बसून राहिलो, उजाडेपर्यंत उतरलो नाही.

सकाळी आठला, गावात परत पोचलो तोच, ऑल्विनचा फोन.

"विनू, रात्री तू आला होतास का रे माझ्याकडे?"

"नाही बाबा. का?"

"व्हरांड्यात काहीतरी ठेवलंय कुणीतरी. तू येच."

कडाक्याचा गारठा होता, सगळं शिवार पांढरं. आणि ऑल्विनच्या व्हरांड्यात, मार्डी गाडी लावायची तिथल्याच पायरीच्या वर, शेजारी शेजारी दोन ब्रेक, गोल चकत्यांसकट. पुसून, नीट मांडून ठेवलेले. त्यांच्यातून वाफ निघत होती. काळा रंग भाजून फोडांसारखा उठला होता, सोलून पडत होता, आणि खालून लाल...

ऑल्विन खाली बसला. त्यानं रंगाची एक खपली नखानं काढली, मग दुसरी. माझ्याकडे न बघता म्हणाला, "तिनं नव्हते विकले, विनू."

"नाही, ऑल्विन."

"तू म्हणाला होतास विकले म्हणून."

त्याच्या शेजारी गुडघे टेकून बसलो आणि माफी मागितली. त्यानं आणखी एक खपली काढली. आजही माझ्याशी मोजकंच बोलतो, आणि त्याचं बरोबर आहे.

ग्लेनचा पाय गुडघ्याखाली कापावा लागला. शुद्धीवर आल्या आल्या त्यानं पोलिसांना बोलावून सगळं सांगितलं. चौकशीचा कागद बदलला, मार्डीचं नाव धुऊन निघालं. ग्लेनवर खटला चाललाय. त्याचं त्याला काही वाटत नाही. फक्त कुणी टेबलावर सहज बोटं वाजवली तरी ओरडतो.

घे, निनाद, तुझा मोबाईल. लाव त्या माणसाला फोन, आणि विचार, हेच ब्रेक गाडीबरोबर येणार ना म्हणून. त्याचा आवाज कसा येतो ते मला ऐकायचंय.

आणि रविवारी ऑल्विनकडे जाऊ. ते दोन ब्रेक पोलिसांनी नेले, पण फळ्यांवर दोन गोल डाग राहिलेत, जळल्याचे. त्यानं फळ्या बदलू दिल्या नाहीत. या हिवाळ्यात तिथे रोज पहाटे दंव गोठून पडतंय, सगळा व्हरांडा पांढरा होतो. त्या दोन गोलांत पडत नाही. मागच्या आठवड्यात मी हात टेकवून पाहिला. अजून कोमट लागतं.